खिडकी आणि पाइपाच्या मधली जागा

टेनिसवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई मोठी शौकीन होती. तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत मला मागून ‘खडूस मावशी’ म्हणतात आणि ते नाव मी कमावलेलं आहे, फुकट मिळालेलं नाही. वरूडहून नोकरीसाठी रायपूरला आले तेव्हा चोवीस वर्षांची होते, आता सत्तावन्न संपेल. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. सिंचनाच्या खात्यात मानचित्रकार आहे, म्हणजे कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढते. नकाशात सुताचा फरक पडला की पाणी भलत्याच्याच शेतात जातं, म्हणून मला कुठेच वाकडं चालत नाही. माणसांतही नाही.

घर दोन मजली. खालचा मजला माझा, वरचा भाऊजींचा. भाऊजी नात्यातले नव्हेत. अकोल्याकडचे आहेत, रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, दोन वर्षांमागे रिटायर झाले. ते, वहिनी आणि त्यांची एकुलती एक पोट्टी. पोट्टी नऊ-दहा वर्षांची असताना ही मंडळी वर राहायला आली आणि आल्या आठवड्यातच माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीवर पहिला ठक्क झाला.

रविवार होता. मी आडवी झाले होते. ठक्क. मग परत ठक्क. मला वाटलं, वर कुणी खलबत्त्यात काही कुटतंय. बाहेर येऊन बघते तर ही एवढीशी पोट्टी, दोन वेण्या, हातात तिच्याहून लांब रॅकेट, आणि माझ्या भिंतीवर चेंडू हाणून राहिली.

“काहून वं? तुले दुसरी जागा नाई?”

तिला मराठी कळत होतं, पण उत्तर हिंदीत. आजकालच्या इथल्या सगळ्या पोरांचं तेच आहे. म्हणाली, “मावशी, दीवार तो यही है।”

आणि खरंच, भिंत तेवढीच होती. आमचं आंगण म्हणजे फाटकापासून माझ्या खोलीपर्यंत चाळीस फूट लांब आणि जेमतेम आठ फूट रुंद पट्टी. उजव्या बाजूला कंपाउंडची भिंत, तिला टेकून माझी स्कूटी. फाटकाकडून बघितलं तर समोर माझ्या खोलीची भिंत. मधोमध खिडकी, खिडकीच्या उजवीकडे विजेचे मीटर, डावीकडे गच्चीवरून उतरणारा पाण्याचा पाइप. मी रीतसर भांडले. भाऊजी हात जोडून म्हणाले, “ताई, लेकरू आहे, समजून घ्या.” मी म्हटलं, लेकरू तुमचं आहे, भिंत माझी आहे. तिसऱ्या दिवशी खिडकीची काच फुटली.

मग मी डोकं चालवलं. पोट्टी ऐकणारी नव्हती, हे दिसतच होतं. भाऊजी आठवड्यातले चार दिवस गाडीवर, आणि वहिनी इतक्या गरीब की त्यांच्याशी भांडायलाही मजा येईना. म्हटलं, खेळ बाई, पण माझ्या नियमानं. घरातून ओळंबा, टेप आणि सुताची गुंडी आणली. खलबत्त्यात गेरू कुटला, त्यात सूत बुडवलं, आणि ताणलेलं सूत ओढून सोडलं की सरळ रेघ उमटते, तसा भिंतीवर चौकोन मारला. खिडकीची चौकट आणि पाइप यांच्या मधल्या जागेत. खालची कड जमिनीपासून बरोबर तीन फुटांवर, कारण पोट्टीनंच सांगितलं की टेनिसची जाळी मधोमध तीन फूट असते. म्हटलं, “या डब्ब्यात मारायचं. बाहेर लागला की चेंडू माझा.”

आता खरी गोष्ट सांगते. चौकट आणि पाइपाच्या मधे जागा अडीच फूट होती. मी डब्बा काढला दीड फुटाचा. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्या नकाशातला इंचही खाल्ला नाही, पण त्या लेकराचा अख्खा एक फूट खाल्ला. मुद्दाम. मनात म्हटलं, दीड फुटात काय डोंबल मारणार, आठ दिवसांत कंटाळून जाईल.

आठ दिवसांत माझ्याकडे अकरा चेंडू जमले. ते मी तांदळाच्या रिकाम्या कोठीत टाकत गेले. पोट्टी रडली, पाय आपटले, जिन्यावर बसून माझ्या दाराकडे खाऊ का गिळू असं बघत राहिली. पण कंटाळली नाही. पंधराव्या दिवशी दिवसभरात एकच चेंडू माझ्याकडे आला. दुसऱ्या महिन्यात आठवड्याला एक. वर्ष झालं आणि कोठी भरायची थांबली.

सकाळी कोर्टावर कोचकडे, मग शाळा, आणि संध्याकाळी पाच ते सहा माझी भिंत. उजव्या हाताला कंपाउंडची भिंत आणि स्कूटी, त्यामुळे तिकडून रॅकेट फिरवायला जागाच नाही. सगळे फटके डाव्या अंगानं, दोन्ही हातांनी रॅकेट धरून. ठक्क, ठक्क, ठक्क. दर दिवाळीत मी भिंत रंगवायची आणि रंग वाळला की सूत काढून परत तोच दीड फुटाचा डब्बा मारायची. आधी खुन्नस होती. मग सवय झाली. आणि ती परीक्षेसाठी आठ दिवस खेळली नाही तेव्हा मला दुपारची झोप लागेना. मी उठून खिडकीतून वर ओरडले होते, “काय वं, मेली का काय?”

अशी अकरा वर्षं गेली.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर पोट्टी धावत माझ्याकडे आली. आपल्या देशातल्या देशात एक टेनिसची लीग चालते, आठ शहरांचे आठ संघ, टीव्हीवर दाखवतात. त्यातल्या एका पिवळ्या जर्सीच्या संघानं तिला घेतलं होतं. सगळ्यांत शेवटी घेतलं, राखीव म्हणून घेतलं, पण घेतलं. मी पेढे-बिढे काही आणले नाहीत. कोठी उघडली आणि जप्त केलेले सगळे चेंडू पिशवीत घालून तिच्या हातात दिले. सगळे मेलेले, एकही उसळत नव्हता. तिनं माझ्या गळ्यातच मिठी मारली. मला असले प्रकार जमत नाहीत. मी म्हटलं, “हव, हव. पुरे आता.”

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर दुसरा कागद आला. तिनं वडिलांच्या समाधानासाठी सरकारी कारकुनीची परीक्षा दिली होती, त्यात ती पास झाली. नेमणूक जगदलपूरला. हजर व्हायची तारीख कोणती, तर लीगची फायनल ज्या रविवारी, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा सोमवार. जगदलपूर म्हणजे आडगाव नाही, पण तिथं तिला ना कोच होता, ना सोबत खेळणारं कुणी. गेली की खेळ संपला, हे सगळ्यांना माहीत होतं.

भाऊजी वाईट माणूस नाही हो. ते मला म्हणाले, “ताई, मी तीस वर्सं मालगाडीच्या मागच्या डब्यात एकटा बसून काढली. पण घरात चूल कधी थंडी नाई राह्यली. खेळाचं काय? पाय मुरगळला की संपलं.” आणि पोट्टीला त्यांनी जेवताना सांगितलं, ते वहिनींनी मला जसंच्या तसं येऊन सांगितलं. “या लीगमधी एक मॅच खेळ अन् जिंकून दाखव. एक. मंग एक साल मी तोंड उघडणार नाई. नाई जिंकली, तर सोमवारी जगदलपूर.”

पोट्टी म्हणाली, “हव पापा।” आणि सामान भरून गेली.

मी टेनिस शिकले ते तेव्हा. तेलीबांध्यावरून नवा रायपूरला जाणाऱ्या ऑफिसच्या बसमध्ये रोज पाऊण तास जातो. त्यात मी मोबाइलवर लीगचे नियम वाचून काढले. माझ्या बाजूच्या टेबलवरचा ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा पोरगा, छत्तीसगढीच आहे, त्याला वाटलं मॅडमना काही तरी झालं. त्यालाही शिकवलं. तर नियम असा. दोन संघ भिडले की चार सामने होतात. पुरुषांचा एकेरी, बायांचा एकेरी, बाई-पुरुषाची मिक्स जोडी आणि पुरुषांची जोडी, क्रम दर वेळी वेगळा. प्रत्येक सामना बरोबर एकवीस पॉइंटांचा. अकरा झाले की तुम्ही सामना जिंकलात, पण खेळ थांबत नाही, एकवीसच्या एकवीस खेळायचे, कारण प्रत्येक पॉइंट संघाच्या बेरजेत जातो. म्हणजे हरलात तरी दहा घेऊन हरा, तीन घेऊन हरू नका. मला हे फार पटलं. पूर्ण हरलेलं माणूसही काही तरी घेऊन घरी येतं. चांगला नियम आहे.

आणि बायांचे दोन्ही सामने संघातली मुख्य खेळाडूच खेळते. राखीव पोरगी बाकावर बसते.

पोट्टी बाकावर बसली. पहिल्या दिवशी बसली, दुसऱ्या दिवशी बसली. मी टीव्हीसमोर चष्मा पुसून पुसून बघायची. कॅमेरा कधी तरी बाकावरून फिरायचा, तेव्हा दिसायची. कधी मुख्य बाईला टॉवेल देताना, कधी पाण्याची बाटली उघडून देताना. वरून वहिनी खाली यायच्या, माझ्या दिवाणावर बसायच्या आणि विचारायच्या, “दिसली का?” मी म्हणायची, “दिसली. टॉवेलवाली झाली तुमची पोट्टी.” मग मलाच वाईट वाटायचं आणि मी चहा करायला उठायची.

भाऊजी खाली येत नसत. वर त्यांचा टीव्ही बंद असायचा. पण मी इकडे मोठ्यानं स्कोअर म्हटला की वरच्या पायऱ्यांवर चप्पल वाजायची, ती मला ऐकू यायची.

ऑफिसात मी ट्रेसिंगच्या कागदावर आठ संघांची बेरीज मांडली. रोज सकाळी भरायची. चार संघ सेमीफायनलला जाणार, आणि आपला पिवळा संघ पाचव्या नंबरावर लटकत होता. कधी चौथा, कधी पाचवा. ट्रेसर म्हणायचा, “दीदी, हो जाही।” होईल, होईल. मी म्हणायची, हो जाही म्हणून होत नसतं बाबा, नऊ पॉइंट पाहिजेत.

साखळीतली शेवटची लढत गुरुवारी होती. तीन सामने झाले तेव्हा हिशोब असा होता की शेवटच्या मिक्स जोडीत आपण हरलो तरी चालेल, पण किमान आठ पॉइंट हवेत. मिक्समध्ये दोन-दोन पॉइंट झाले होते, आणि मुख्य बाई धावता धावता एकदम खाली बसली. पोटरी धरून. फिजिओ धावला, बर्फ आला. मग कॅमेरा बाकाकडे वळला. पोट्टी जॅकेट काढत होती.

वहिनींनी किंचाळी फोडली. मी त्यांना म्हटलं, “अवो, गप बसा, ऐकू द्या.” आणि स्वतःच उभी राहिले.

भेदरली होती. पहिल्या चार पॉइंटांत दोन चेंडू जाळीत. पण मग पकडलं. आठ मिळाले. आठ-तेरा हरली, पण आठ मिळाले, आणि पिवळा संघ चौथा आला. सेमीफायनल! मी खिडकी उघडून वर ओरडले, “भाऊजी, खेळली! आठ घेतले तिनं!”

वरून आवाज आला, “जिंकली का?”

माझ्या डोक्यातली शीरच उठली. पण काय बोलणार, बोली तर तीच होती. खेळ अन् जिंक.

मुख्य बाई आता खेळणार नव्हती. म्हणजे पोट्टीला सेमीत दोन सामने आणि फायनलला गेलो तर आणखी दोन. शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून थेट पंडरीच्या कापडबाजारात गेले, पिवळं कापड अडीच मीटर घेतलं आणि फाटकाला बांधलं. गल्लीतले लोक विचारायला लागले, ताई, पूजा आहे का घरी? मी म्हटलं, आहे.

शनिवारी सेमी. एकेरीत नऊ-बारा हरली. मिक्समध्ये दहा-अकरा हरली. दहा-अकरा! एका पॉइंटानं! माझा जीव असा तळमळला की काय सांगू बाप्पा. संघातल्या पुरुषांनी मात्र दोन्ही सामने मोठ्या फरकानं मारले, पंधरा-सहा आणि चौदा-सात, त्यामुळे बेरजेत आपण कितीतरी पुढे. पिवळा संघ फायनलला. टीव्हीवर सगळे नाचत होते. पोट्टीही नाचत होती, पण तिचं तोंड मी अकरा वर्षं बघितलं आहे. ती नाचत नव्हती.

आणि मला एक गोष्ट खटकत होती. सामना बघताना मला सारखं वाटत होतं की काही तरी वाकडं आहे. नकाशात चूक असली की आधी डोळ्याला टोचते, मग सापडते. तसं. मी सेमीची क्लिप मोबाइलवर लावून परत परत बघितली. मग सापडलं. डाव्या अंगानं चेंडू आला की पोट्टी तो तिरपा मारत होती. मैदानाच्या त्या कोपऱ्यात, जिथे समोरची उभीच होती. एकदाही सरळ, कडेच्या रेषेला धरून मारला नाही. एकदाही नाही!

रविवारी सकाळी तिचा वहिनींना फोन आला. वहिनी नुसत्या रडत होत्या. मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला.

“काहून वं, सरळ काहून मारत नाईस? डब्ब्यात मारतेस तसा?”

“मावशी, सर बोले हैं क्रॉस खेलो। वहाँ साइड में नेट ऊँचा रहता है, जगह भी कम। रिस्क है।”

“रिस्क?” माझा आवाज एवढा चढला की वहिनी रडायच्या थांबल्या. “पोट्टे, तो डब्बा काढल्यापासून अकरा वर्सांत माह्या खिडकीची एक काच तरी फुटली का तुह्यानं? एक?”

उत्तराला मी थांबलेच नाही.

“इकडे काच, तिकडे पाइप, मधे दीड फूट. तिथं रिस्क नव्हती अन् तिथल्या एवढ्या मोठ्या मैदानात रिस्क हाय? सरले सांग, माह्या मावशीच्या खिडकीले विचारा.”

ती पलीकडून हसली. रडता रडता हसली, तसं. म्हणाली, “हव मावशी।”

दुपारी फायनल. वहिनींनी देव पाण्यात ठेवले. म्हणजे खरोखरच ठेवले, देवघरातला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा उचलून पितळी गंजात. मी म्हटलं, थंडीचे दिवस आहेत, सर्दी होईल त्यांना. त्या म्हणाल्या, होऊ द्या.

पहिला सामना पुरुषांचा एकेरी, बारा-नऊ आपण. मग मिक्स. पोट्टी आणि तिचा जोडीदार आठ-तेरा हरले. चौथी हार. वहिनींनी डोळे मिटले. मी बेरीज करत होते. मग पुरुषांची जोडी, परत बारा-नऊ आपण. तीन सामन्यांची बेरीज बत्तीस-एकतीस. एका पॉइंटानं पुढे. आणि राहिला एकच सामना, बायांचा एकेरी. कपही त्यावर आणि जगदलपूरही त्यावर.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. भाऊजी खाली उतरले. मला वाटलं, आत येतील. आले नाहीत. आंगणात गेले आणि माझ्या खिडकीबाहेर, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी खिडकीचं एक दार उघडून ठेवलं. त्यांनी आत न बघता विचारलं, “किती?”

“शून्य-शून्य. आता सुरू होते.”

समोरची पोरगी वयानं मोठी, नावाजलेली, अंगानं दणकट. तिनं पहिल्यापासून हाणायला सुरुवात केली. एक-तीन, तीन-पाच, चार-सात. पोट्टी तिरपंच मारत होती. मी टीव्हीला शिव्या घातल्या. “किती?” बाहेरून आवाज. “सहा-नऊ.”

सहा-नऊ म्हणजे आणखी दोन गेले की संपलं. पोट्टी टॉवेलकडे गेली, तोंड पुसलं. कोच काही तरी सांगत होते, ती मान हलवत होती. होकाराची नव्हती, नकाराची होती. हात तेरे की! मी दिवाणावरून घसरून खाली जमिनीवरच बसले.

पुढचा चेंडू तिच्या डाव्या अंगाला आला. ती वाकली, दोन्ही हात मागे गेले. आणि मला तो आवाज आला. टीव्हीतून आला, पण अकरा वर्षं पाच ते सहा ऐकलेला आवाज मला कळणार नाही होय? ठक्क. चेंडू सरळ गेला, बाजूच्या जाळीवरून वीतभर उंचीनं, आणि कडेच्या रेषेच्या आत पडला. समोरची जागची हललीच नाही.

“सात-नऊ!”

परत तसाच. आठ-नऊ. मग समोरचीनं हुशारी केली, चेंडू पोट्टीच्या उजव्या बाजूला टाकला. पोट्टी धावत धावत चेंडूच्या पलीकडे गेली, त्याला आपल्या डाव्या अंगाला घेतलं आणि परत त्याच वाटेनं सरळ मारला. जशी काही तिच्या उजव्या हाताला आमचं कंपाउंड आणि माझी स्कूटी उभी आहे. नऊ-नऊ. वहिनी उभ्या राहिल्या. मी जमिनीवर थापा मारत होते. पुढचा एक पॉइंट तिनं घालवला, जाळीत. नऊ-दहा.

“किती, ताई?”

“नऊ-दहा. भाऊजी, आत या ना हो!”

“नाई. मी इथंच ठीक हाय.”

मग एक मोठा पॉइंट झाला, वीस-पंचवीस फटक्यांचा. मी मोजले नाहीत. शेवटी समोरचीचा चेंडू बाहेर गेला. दहा-दहा.

आता बेरीज बेचाळीस-एक्केचाळीस. हा पॉइंट आपला, तर कप आपला. हा पॉइंट समोरचीचा, तर सामना तिचा, बेरीज बेचाळीस-बेचाळीस आणि कप लटकला. वहिनींनी माझं मनगट धरलं, त्याचे वळ दोन दिवस राहिले. मी खिडकीतून बघितलं. भाऊजींनी भिंतीवर हात ठेवला होता. डब्ब्याच्या आत, पंजा पसरून. आणि पंजा पसरल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना फार जागा उरली नव्हती.

पोट्टीनं सर्व्हिस केली. चेंडू परत आला, डाव्या अंगाला. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, शेवटचा पॉइंट मी बघितलाच नाही. मी फक्त ऐकला. एक ठक्क. आणि मग सगळं मैदान ओरडायला लागलं.

“जिंकली! भाऊजी, जिंकली! अकरा-दहा! कप आपला, पोट्टी जिंकली!” मी खिडकीच्या गजांना धरून लहान पोरीसारखी नाचत होते. सत्तावन्न वर्षांची बाई. गल्लीतले लोक फाटकाशी आले, पिवळ्या कापडाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघायला लागले. वहिनींनी गंजातून देव काढले आणि पदरानं पुसता पुसता त्यांनाच साखर भरवली. भाऊजी तसेच भिंतीला हात लावून उभे होते, पाठमोरे. त्यांचे खांदे हलत होते. मी त्या वेळी खिडकी लावून घेतली. कुणाच्या पाठीकडे बघत बसू नये.

सोमवारी कुणी जगदलपूरला गेलं नाही.

पोट्टी मंगळवारी संध्याकाळी आली. गळ्यात पदक, हातात बॅग, फाटकातूनच ओरडली, “मावशी!” मी बाहेर आले. सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, जमा झाला होता, कुणी हार घातले, कुणी सेल्फी काढले. सगळे पांगल्यावर आंगणात आम्ही चौघंच राहिलो. आणि माझ्या पोटात अकरा वर्षं राहिलेलं मी तिथंच बोलून टाकलं. चांगल्या दिवशीच बोलून टाकावं, वाईट दिवशी मग हिंमत होत नाही.

“पोट्टे, ऐक. जागा अडीच फूट होती. मी दीड फुटाचा काढला. मुद्दाम. तू कंटाळून जावी म्हणून.”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. भाऊजीही. पोट्टी मात्र बॅग खाली ठेवून चप्पल काढत होती, म्हणाली, “मालूम है मावशी। मैंने उसी हफ़्ते स्केल से नापा था।”

“मंग बोलली काहून नाई?”

“आप बड़ा कर देतीं।” ती हसली आणि भिंतीजवळ गेली, डब्ब्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून ती पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली, तेही आमच्या वऱ्हाडी मराठीत. “मावशी, आता अजून तीन इंच लहान करून दे मले.”

मी आत गेले. ओळंबा घेतला, टेप घेतली, गेरू कुटला. सूत भिजवून बाहेर आले आणि एक टोक भिंतीवर धरलं. दुसरं टोक धरायला पोट्टी पुढे येणार, तेवढ्यात भाऊजींनी तिला बाजूला केलं आणि ते टोक स्वतः धरलं. ओळंब्याकडे बघून त्यांनी सूत अर्ध्या इंचानं डावीकडे घेतलं, घट्ट ताणलं.

“मारा, ताई,” ते म्हणाले.

मी सूत ओढून सोडलं.